सिस्टरच्या खिडकीवरची घोंगडी

मी काळ्या लोकरीची घोंगडी. कुणी मला घोंगडं म्हणतं, कुणी घोंगडी. हाक कशीही मारली तरी माझं काम एकच मानलं जातं, पावण्यांच्या बुडाखाली जाणं. पण माझं अर्धंअधिक आयुष्य एका खिडकीला टांगून गेलं आणि अभिमान वाटावा असं मी जे काही केलं, ते तिथंच केलं.

मेंढ्या कातरल्या तेव्हाची आठवण पुसट आहे. आठवतो तो माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि शेजारी चरखा फिरवत त्याला शिव्या घालणारी त्याची बायको. विणून झाल्यावर दोघांनी मला चिंचोक्याची खळ चोळली आणि उन्हात ताणून बांधलं. त्या खळीनं अंग इतकं ताठ झालं की पहिले काही महिने मी धड घडीसुद्धा घालू देत नव्हते.

कागलच्या बाजारात मला आकाराम यांनी विकत घेतलं. ते रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. नुकतेच निवृत्त होऊन त्यांनी शहराच्या कडेच्या उचगावात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. नव्वदीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. नव्या घरात आधी बुद्धांची तसबीर लागली, मग पंखा लागला, आणि मग मी आले.

लहानपणी आकाराम वडिलांबरोबर गावात कुणाकडं गेले, तर अंगणाबाहेर उभं राहूनच बोलावं लागायचं. 'बसा' म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून स्वतःच्या घरी त्यांनी नियम केला. दारात आलेला माणूस उभा राहता कामा नये, आणि नुसत्या फरशीवरही बसता कामा नये. "घोंगडं टाका!" ही त्यांची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची. मला अंथरताना म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलायचा की मलाही आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे.

घरात त्यांची बायको धोंडुबाई, मुलगा भाऊसो, सून आक्काताई आणि नात साक्षी. भाऊसो लोखंडाच्या फौंड्रीत दिवसपाळीला. आक्काताई शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. साऱ्या भावकीत तेवढी एकच 'सिस्टर'. आकाराम नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी "आमची सून सिस्टर हाय" असं सांगायचे.

आक्काताईला आधी पाळ्या बदलून मिळायच्या. मग साक्षी शाळेत जायला लागली आणि धोंडुबाईंनी तोडगा काढला. "रातीचीच ड्युटी मागून घे की. रात तिकडं, दिवस घरात. पोरीचंबी हुतंय, सैपाकबी हुतोय."

हिशेब सगळ्यांना पटला. सिस्टरनं झोपायचं कधी, हे कुणी विचारलं नाही. आक्काताईनंही नाही.

सकाळी ती यायची तेव्हा भाऊसो डबा घेऊन बाहेर पडत असायचा. उंबऱ्यावरच दोघांची काय ती भेट. मग भाकऱ्या, धुणं, नळाचं पाणी. ते उरकून ती खाटेवर अंग टाकायची आणि रस्त्याकडच्या खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर यायचं. दारं लावली तर खोलीची भट्टी व्हायची. डोळ्यांवर पदर घेतला तर तो घसरायचा. एके दिवशी ट्रंकेवर घडी करून ठेवलेल्या माझ्याकडं तिचं लक्ष गेलं. तिनं चौकटीवर दोन खिळे मारले आणि मला त्यांवर अडकवलं. खालच्या कडेनं वारा येत राहिला, उजेड मात्र बाहेरच थांबला.

"आगं बाई, रात झाली की!" ती एकटीच हसली आणि बोलता बोलता झोपली.

तिची खरी रात्र मी कधी पाहिली नाही. ट्यूबलाईटखाली ती कशी चालायची, कुणाची सलाईन बदलायची, मला ठाऊक नाही. मी पाहिला तो तिचा दिवस. तो दिवस मला रात्र करून द्यायचा होता. मेंढीच्या केसांना याहून मोठं काम कुणी दिलं असेल, असं वाटत नाही.

तिसऱ्या की चौथ्याच दिवशी गारगोटीहून पावणं आलं.

"घोंगडं टाका!" आकाराम ओरडले.

धोंडुबाई खोलीत आल्या, माझं एक टोक धरून त्यांनी मला हिसकलं आणि सगळं ऊन एकदम आक्काताईच्या डोळ्यांत पडलं. ती दचकून उठली, पदर सारखा केला, केसांवर हात फिरवला आणि हसत बाहेर आली. मी तोवर पावण्यांच्या खाली होते.

"सिस्टर झोपल्या हुत्या व्हय?" पावणं म्हणालं. "दुपारचं? आमच्याकडं या वक्ताला म्हशी झोपत्यात!"

सगळे हसले. आक्काताईही हसली. मग चहा झाला आणि पावण्यानं पिशवीतून रक्ताचे रिपोर्ट काढले. "जरा बघता काय, साखर काय म्हणती?"

मग हे रोजचंच झालं. शहरात दवाखान्याला येणारा प्रत्येक नातेवाईक आधी उचगावात उतरायचा, कारण आपली सिस्टर आहे. कुणाचं बी.पी., कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाला नुसतंच 'कसंतरी' होतंय. तिची झोप म्हणजे ठिगळं झाली होती. सकाळी एक तुकडा, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी धोंडुबाई हटकायच्या, "दिवाबत्तीच्या वक्ताला लोळू नगंस." तेवढ्यात ड्युटीची वेळ व्हायची.

शरीर गप्प कसं बसेल? डोळे उघडे राहावेत म्हणून ती चहावर चहा प्यायची. अवेळी जे मिळेल ते खायची, कधी थंड वडा, कधी भडंग. धोंडुबाईंची मिश्रीची डबी घरात होतीच. "जरा दातावर फिरवून जा, झोप उडती," असं सासूनंच शिकवलं. चार वर्षांत आक्काताईचं अंग सुटलं. शेजारच्या चिमणाबाई दारातून म्हणायच्या, "झोपून झोपून फुगलीया बघा सिस्टर!"

झोपून! मला जीभ असती तर मी त्या बाईला गल्लीभर फिरवून सांगितलं असतं, बये, ही बाई झोपत नाही. माझ्याइतकी तिला कुणी पाहिलेली नाही. पण टांगलेल्या वस्तूचं कोण ऐकतं?

साक्षी मोठी होत होती. पोरगी तापट. आठवीत होती तेव्हाच तिनं आजोबांना धरलं. "आजोबा, रात्री तुम्ही घोरत असताना कुणी उठवून चहा करायला लावला तर?"

"मला कोन उठवंल? मी काय सिस्टर हाय?"

"मग आईला का उठवता?"

"अगं, दारात आलेलं मानूस उभं ऱ्हाईल की!"

"चटई आणते ना मी. चटईवर बसू देत."

"चटईवर?" आकारामांचा आवाज एकदम खाली गेला. "माझ्या बाला कुनी पोतंबी दिलं न्हाई बसायला, पोरी. माझ्या घरात मी चटई टाकीन व्हय?"

 साक्षी पाय आपटत निघून गेली.  मला एक मात्र कळलं. ज्याला कुणी बसवलं नाही, त्या माणसानं जगाला बसवायचं ठरवलं आणि त्याची किंमत घरातली एक बाई न बोलता चुकवत राहिली. तिला बसायला कुणी सांगितलं नाही आणि झोपायलाही नाही.

वर्षं गेली. साक्षी शहरात बी.एस्सी.ला जायला लागली. आक्काताईची ड्युटी तीच, खिडकी तीच. माझी खळ उतरून मी मऊ झाले होते.

एका उन्हाळ्यात मी केलेल्या अंधारात ती कुशीवर वळली आणि तिचा हात काखेजवळ थांबला. पुन्हा तिथंच गेला. बोटांनी दाबून पाहिलं, सोडलं, परत दाबलं. मग ती उताणी होऊन छताकडं बघत राहिली. त्या दिवशी एकही पावणा आला नाही, तरी ती झोपली नाही.

ती नर्स होती. दुसऱ्या बाईच्या अंगात अशी गाठ लागली असती तर तिनं त्याच दिवशी तिला हाताला धरून डॉक्टरांसमोर उभं केलं असतं. स्वतःपुरतं तिनं ठरवलं, सुट्टीच्या दिवशी दाखवू. मी मनात म्हटलं, दाखव. बाई, विसरू नकोस.

सुट्टीच्या दिवशी धोंडुबाईंची बहीण तानाबाई आली. डोळ्यांत मोतीबिंदू. "सिस्टर हाय म्हणून आलो बाई, मला दवाखान्यातलं काय कळतंय?" तासभर ती माझ्यावर पाय पसरून बसली आणि मग आक्काताई तिला घेऊन दवाखान्यात गेली. तिच्यासाठी रांगेत उभी राहिली, तिचे डोळे तपासून घेतले, औषध कसं घालायचं ते दहादा समजावलं आणि संध्याकाळी परत आली.

आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. दाखवलं नव्हतं. त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या दारावरून जाऊन ती परत आली होती.

पुढची सुट्टी लग्नात गेली, त्याच्या पुढची बारशात. मग तिला थकवा यायला लागला आणि थकव्याला तर घरात नाव तयारच होतं. "जागरणाचं हाय ते," धोंडुबाई म्हणायच्या. भाऊसोही म्हणायचा. ती स्वतःही तेच म्हणायची. इतक्या वर्षांच्या जागरणानं तिला थकव्याची अशी सवय लागली होती की नवा थकवा वेगळा ओळखूच आला नाही. यासारखी हतबलता मी दुसरी अनुभवली नाही. मला दिसत होतं. मी जागची हलू शकत नव्हते.

गणपतीनंतर साक्षीनं पकडलं. वरच्या फळीवरचा डबा काढताना आईचा हात अर्ध्यातच थांबला.

"हात वर का जात नाही गं?"

"झोपेत अवघडलाय."

"झोपेत?" साक्षी फिस्कारली. "तू झोपतीस कधी अवघडायला? बघू."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सिस्टर ड्युटीला गेली नाही. पुढच्या आठवड्यात सुई घालून तपासणी झाली, मग ऑपरेशन, मग ती औषधं, ज्यांनी तिचे केस गेले. स्तनाचा कॅन्सर होता आणि काखेपर्यंत पोचला होता.

त्यानंतरच्या थंडीत, दोन हजार सातच्या शेवटी, पेपरात एक छोटी बातमी आली. साक्षीनं ती बाहेरच्या खोलीत उभं राहून मोठ्यानं वाचली. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांना कॅन्सरचा धोका वाढत असावा, असं जगातल्या तज्ज्ञांचं मत होतं. "अंधार पडला की मेंदूतून एक रस सुटतो," ती आजीला समजावत होती, "त्यावरनं शरीराला कळतं की आता रात्र झाली, दुरुस्तीला लागा. सगळी रात्र दिव्याखाली काढली की तो नीट सुटत नाही. शरीराचं घड्याळच बिघडतं."

आकारामांनी चष्मा काढला. "बघ. मी म्हणतच हुतो, नोकरी नगं म्हणून."

"कधी?" साक्षीचा आवाज चढला. "कधी म्हणालता? आमची सून सिस्टर हाय म्हणून गावभर सांगत फिरत होता तुम्ही!"

"साक्षी!" भाऊसो ओरडला.

"बाबा, तुम्ही तर बोलूच नका. आणि आज्जी, ती मिश्रीची डबी आधी फेक. डॉक्टर सांगत होत्या, मिश्री म्हणजे तंबाखूच, तोंडाला तर थेट विष."

"मग तिला झालं कशानं त्ये सांग की शाणे! रातपाळीनं, का मिश्रीनं?" धोंडुबाई रडवेल्या झाल्या होत्या.

 खोटं बोलणं साक्षीला जमत नाही. "ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, एका बाईच्या गाठीवर बोट ठेवून हे अमुकनं झालं असं म्हणता येत नाही. कुणाच्या रक्तातनं येतं, कुणाला काही कारण नसताना होतं. रात्रपाळी, वाढलेलं वजन, अवेळी खाणं, मोडकी झोप, यांनी धोका वाढतो, एवढंच. पण उशीर झाला हे नक्की. उन्हाळ्यापासनं गाठ लागत होती, आईनंच डॉक्टरांना सांगितलं. आणि तो उशीर तुमच्या पावण्यांनी केला."

 आतून आक्काताईचा क्षीण आवाज आला, "साक्षी, मोठ्यांशी असं बोलू नये गं."

साक्षी आत आली. तिच्या हातात हातोडी आणि मूठभर खिळे होते. मला खिडकीवर ताणून तिनं चारी कडांनी खिळे ठोकले. प्रत्येक घावाला लोकर टोचली, पण इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. "आता काढू देत कुणाला काढायचं ते," ती म्हणाली. आईच्या अंगावर पांघरूण घालून ती कॉलेजला परीक्षेला गेली.

आक्काताई झोपली. खरी, खोल, घोरणारी झोप. खोलीत कुट्ट अंधार होता आणि तो मी धरून ठेवला होता.

दुपारी गारगोटीचे पावणे तिला बघायला आले. बरोबर शहाळी, बिस्किटांचे पुडे. आकारामांनी आरोळी दिली नाही. ते हळूच म्हणाले, "बसा." धोंडुबाई खोलीत आल्या, खिळ्यांकडं बघितलं, झोपलेल्या सुनेकडं बघितलं, आणि तशाच परत फिरल्या. "आज हितंच बसा पावणं, फरशीवर. झोपलीया ती." मी म्हाताऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून दुवा दिला.

पण फरशीवर बसताना कुणाचं तरी हाड कुरकुरलं, कुणी तरी खोकलं, आणि आक्काताईचे डोळे उघडले. तिनं कान देऊन ऐकलं. मग ती भिंतीला धरून उठली. डोक्याला फडकं, हाताला सुया टोचून निळे डाग. ती खिडकीपाशी आली आणि माझ्या कडेखाली बोटं घालून खिळा ओढायला लागली.

नको, मी म्हटलं. आक्काताई, नको. आज कुणी मागितलेलं नाही.

एक खिळा निघाला. दुसरा निघाला. तिसरा निघेना म्हणून तिनं मलाच हिसका दिला आणि मी टराटर फाटले. बोटभर नाही, चांगली हातभर. मला काखेत धरून, धापा टाकत ती बाहेर आली.

"आत्ती, पावण्यांना जमिनीवर बसवलासा व्हय?" ती सासऱ्यांकडं बघत सासूला म्हणाली. "मामांना कसं वाटंल?"

आकाराम उठले. त्यांनी सुनेच्या हातातून मला घेतलं. वाटलं, परत नेऊन खिडकीला लावतील. ते मला धरून नुसते उभे राहिले. तेवढ्यात पावणेच म्हणाले, "आणा हिकडं," आणि मला अंथरून बसले. अंधार पडेपर्यंत बसले. प्रत्येक जण तिला एकच सांगत होता, "आता भरपूर इश्रांती घ्या बघा सिस्टर. झोप लई महत्त्वाची."

या गोष्टीला आता काही महिने झाले. साक्षी मला रोज खिडकीवर लावते. तिनं मला शिवलं, पण ती शास्त्राची विद्यार्थिनी, शिवणकाम तिला येत नाही. टाके उसवलेत. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येते आणि सरकत सरकत आक्काताईच्या पापण्यांवर जाऊन थांबते. मी वाऱ्याबरोबर थोडी हलून ती पट्टी बाजूला करायचा प्रयत्न करते. वारा पडला की तेही जमत नाही. आक्काताई डोळे उघडे ठेवून पडलेली असते. मी फक्त अंधार देऊ शकते. झोप तिची तिलाच यावी लागते, आणि ती आता येत नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टर काय सांगतील, ते या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. भरदिवसा एखाद्या घराची खिडकी झाकलेली दिसली, तर आतल्या माणसाला आळशी म्हणू नका. रात्रभर तो तुमच्यासाठीच जागा होता, दवाखान्यात, कारखान्यात, गाडीवर. घरच्यांनो, त्याच्या अंधाराला हात लावू नका. आणि काखेत, गळ्यात, तोंडात काही वेगळं लागलं, तर जागरणाच्या नावावर ढकलू नका. दुसऱ्याला दवाखान्यात नेता, तसं एकदा स्वतःलाही न्या.

आत्ता जरा तिचा श्वास लांबतोय. पापण्या मिटल्यात. वारा आहे, उन्हाची पट्टी भिंतीवर आहे. आणि बाहेर, दारात, कुणीतरी चपला काढतंय.

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. पावणं, तुम्ही चांगले आहात, मायेनं आलाय, मला माहीत आहे. पण त्या चपला परत घाला. तिला आत्ताच डोळा लागलाय.